मावशीचं अकरावं प्रकरण

"हे माझ्याकडून प्रभूनंच लिहून घेतलं," असं कुणी म्हणालं की माझ्या मावशीच्या कपाळाला आठी पडते. "मग पुस्तकावर नाव कशाला घातलंस बाबा तुझं?" असं ती तोंडावर विचारते. चर्चच्या दारातही विचारते. तिची भाची म्हणून मी शेजारी उभी असते आणि लोक माझ्याकडे बघतात, जणू काही मीच तिला शिकवून पाठवलंय.

देवावर तिचा विश्वास नाही असं कुणी समजू नये. रविवारी दुसऱ्या बाकावर ती असतेच आणि गाणी बेसूर पण जोरात म्हणते. लिहायला बसण्याआधी प्रार्थनाही करते. पण मागते काय, तर बसायचं बळ. "वाक्य मागितलं तर तो म्हणेल, डोकं कशाला दिलंय तुला?"

मावशी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. जिन्याखाली बिनखिडकीची खोली आणि तिच्यात भिंतभर जुना बोर्ड. प्रत्येक वॉर्डाचा, प्रत्येक खोलीचा एक बारका दिवा, त्याच्याखाली एक खटका. दिवा लागला की खटका वर करायचा, "बोला" म्हणायचं, हवं तिथे जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. दिवसभर "बोला, बोला" करते म्हणून हॉस्पिटलात तिचं नाव पडलं बोलाबाई. खरं नाव बहुतेकांना ठाऊक नाही, आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.

दोन फोनांच्या मधे ती लिहायची. वाक्य अर्धं झालं की दिवा लागायचा, वाक्य तिथेच सोडून द्यावं लागायचं. पूर्ण झालेलं वाक्य ती हेडफोन लावून, सगळे खटके खाली करून, माइकमध्ये स्वतःलाच म्हणून दाखवायची. कानाला बरं लागलं तर ठेवायचं, नाही तर खोडायचं. हीच तिची पद्धत आणि हाच तिचा गुरू. एकदा ऑपरेशन थिएटरचा खटका चुकून वर राहिला आणि ऐन ऑपरेशनमध्ये तिथल्या स्पीकरवरून सर्जनच्या कानावर पडलं, "ती मेली नव्हती, नुसती कंटाळली होती." संध्याकाळी ते स्वतः जिन्याखाली आले. "बोलाबाई, तेवढं सांगा, नक्की कोण मेलेली नाही?" तेव्हापासून वाक्य म्हणायच्या आधी मावशी सगळ्या खटक्यांवरून बोट फिरवून बघायची.

अशी वर्षानुवर्षं लिहून तिची कादंबरी झाली. हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका आयाबाईची गोष्ट. मी ती टाइप केली. मावशीचं अक्षर म्हणजे डॉक्टरांच्या संगतीत बिघडलेलं, त्यामुळे ते काम येरागबाळ्याचं नव्हतं. छापणार कोण, हा प्रश्न होता. बाहेरच्या प्रकाशकांनी सांगितलं, फार चर्चमधली आहे. राहिली आमच्या चर्चच्या मंडळीची प्रकाशन समिती. मावशीला पुस्तक छापलेलं बघायचं होतं. इतकं मनापासून तिला मी दुसरं काही मागताना पाहिलेलं नाही.

समितीनं बोलावलं तेव्हा मी कागदांचा गठ्ठा घेऊन बरोबर गेले. चर्चच्या मागची खोली, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात झाकून ठेवलेली पेटी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, होते आणि समितीचे चिटणीस होते. पाळकसाहेब माणूस चांगला, हे सांगायला हवं. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, शेवटच्या आजारात मावशीच्याच हॉस्पिटलात होते तेव्हा पाळकसाहेब रोज येऊन त्यांच्या उशाशी बसायचे.

"पुस्तक फार सुंदर झालंय," ते म्हणाले. "दोन गोष्टी फक्त. एक म्हणजे, येत्या रविवारी तुम्ही उपासनेत साक्ष द्या. हे सगळं प्रभूनं कसं दिलं, तुम्ही कशा निमित्तमात्र होतात, ते सांगा. तेच आपण प्रस्तावना म्हणून छापू."

"दिलं नाही हो त्यानं. मी लिहिलं."

"नम्रपणा असावा, बाई," चिटणीस म्हणाले.

"नम्रपणाच आहे. पहिलं प्रकरण सात वेळा खोडलंय मी. आता माझ्या चुकांचं खापर त्याच्या डोक्यावर फोडू?"

पाळकसाहेब हसले. "तुम्ही ऑपरेटर आहात ना? तसंच समजा. तो बोलला, तुम्ही जोडून दिलंत."

"साहेब, ऑपरेटर मधे बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकत नाही. मी तर यातला शब्द न् शब्द ऐकलाय. आणि इतकी वर्षं बोर्डावर काढलीत, लाइन लागली की कसं कळतं ते मला विचारा. पलीकडून कुणीतरी बोलतं. माझ्याशी लिहिताना कुणी बोललं नाही. म्हणजे..." ती एकदम थांबली. मावशी वाक्य अर्धं सोडते ते फक्त दिवा लागल्यावर, म्हणून मी चमकून तिच्याकडे पाहिलं.

चिटणिसांना ती फट बरी सापडली. त्यांनी गठ्ठ्यातून काही पानं वेगळी काढली. "दुसरी गोष्ट ही. अकरावं प्रकरण काढावं लागेल."

अकराव्या प्रकरणात आयाबाईचं मूल जातं. ती रिकाम्या वॉर्डात उभी राहून देवाला बोल बोल बोलते. तू झोपला होतास का, तुझ्या घरी कुणी आजारी पडत नाही म्हणून तुला कळत नाही, असं काय काय. टाइप करताना माझी बोटं थांबली होती, हे मी कबूल करते.

"प्रेरणेनं लिहिलेल्या पुस्तकात हे कसं चालेल?" पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "प्रभू स्वतःबद्दलच असं कशाला लिहून घेईल? हे तुमच्या दुःखानं लिहिलंय. आम्ही समजू शकतो."

मावशीनं ती पानं ओढून आपल्यापुढे घेतली. रागावली की तिचा आवाज उलट खाली जातो.

"मग ऐका आता. यजमान गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते. वॉर्डाचा दिवा लागला. मी म्हटलं, बोला. नवी सिस्टर होती, तिला काय माहीत. म्हणाली, अमक्या पेशंटच्या नातेवाइकांना कळवा, ते गेले. मी म्हटलं, कळवते. खटका खाली केला. दुसरी बाई येईपर्यंत बोर्ड सोडता येत नाही, म्हणून पुढचे फोनही जोडून दिले."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"कामावर परत गेले त्या दुपारी हेडफोन लावला आणि तोंडाला येईल ते देवाला बोलले. लिहीत नव्हते मी. भांडत होते. आणि खटके बघितले नव्हते. मधे श्वास घ्यायला थांबले, तर कानात आवाज आला. 'बोला,' म्हणाला. 'पुढे बोला.' जन्मभर मी लोकांना म्हणत आले, मला कुणी म्हणालं ते तेवढंच. मग मी सगळं बोलले. घरी जाऊन लिहून काढलं ते हे. यात एक शब्द खोडलेला नाही. विचारा हिला."

मी मान हलवली. अकराव्या प्रकरणाचा कागद तेवढा स्वच्छ होता, आणि मला वाटलं होतं तिनं तो कुठून तरी उतरवून आणलाय.

"कुठला तरी पेशंट असेल," चिटणीस म्हणाले.

"असेल."

"कुठला दिवा लागला होता, बघितलं नाही?"

"नाही बघितलं. समोरच होता. मान वर केली असती तर दिसला असता. नाही केली." तिनं पानं सरळ करून गठ्ठ्यात जिथल्या तिथे घातली. "बाकीचं पुस्तक माझ्या मेहनतीचं आहे. तुम्हाला प्रेरणा हवी होती ना? यात एवढीच आहे. आणि नेमकी तीच तुम्हाला नकोय."

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "समितीचा निर्णय समितीचा आहे, बाई. प्रकरण काढलंत तर छापू. साक्ष मात्र तुम्ही द्यावी, ही माझी विनंती आहे."

"साक्ष देते," मावशी म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणाली की मला तिथेच शंका यायला हवी होती.

घरी येताना मी तिला समजावलं. एक प्रकरण गेलं तर काय बिघडलं, पुस्तक तरी येईल. माझा हेतू वाईट नव्हता, पण ती रस्त्यात उभीच राहिली. "एका माणसानं सगळं ऐकून घेतलं माझं. आता त्याच्यावर फोन आपटू?"

आमच्या मंडळीत एक रीत आहे. साक्ष द्यायला उभं राहिलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. माणूस रडो, भरकटो, शेजाऱ्याची गाऱ्हाणी सांगो, तो बसेपर्यंत पाळकसुद्धा थांबतात. रविवारी मावशी पुढे गेली, चष्मा लावला, पिशवीतून पानं काढली आणि म्हणाली, "माझी साक्ष लिहून आणलीय." आणि तिनं अकरावं प्रकरण वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर लोक कौतुकानं ऐकत होते. दुसऱ्यावर बाकं करकरायला लागली. "तू झोपला होतास का?" हे आलं तेव्हा चिटणीस अर्धे उठले. पाळकसाहेबांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. रीत म्हणजे रीत. मला भीतीही वाटत होती आणि उभं राहून टाळ्या पिटाव्यात असंही वाटत होतं. पुस्तक आता गेलं, हे मला तिथेच कळलं होतं. ते आजवर छापलेलं नाही. गठ्ठा माझ्या कपाटात आहे, अकराव्या प्रकरणासकट.

पण वाचता वाचता मावशीचा आवाज फुटला. आयाबाई रिकाम्या खाटेवरची चादर काढते, त्या जागी. ती थांबली. आता ती खाली बसणार आणि समितीवाले जिंकणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "बोला. पुढे बोला."

मी झटकन वळले. मागे इतकी माणसं होती, आणि सगळी समोर बघत होती. कोण बोललं ते मला अजून कळलेलं नाही.

मावशीनं मान वर केली नाही. चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे वाचायला लागली.