बसलेली पंगत
हुग्गीचा, म्हणजे आमच्याकडच्या गव्हाच्या खिरीचा, वास आला की मला चाकूरजवळचं ते शूटिंग आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, विहिरी आटल्या होत्या, आणि मी एका सिनेमाच्या युनिटमध्ये सगळ्यांत खालचा सहायक म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी मला दोन नियम मिळाले: दिग्दर्शकाला उलट बोलायचं नाही, आणि शॉटसाठी वाढलेलं कुणाला खाऊ द्यायचं नाही. लग्नाच्या पंगतीचा सीन होता. गावातली माणसं मांडी घालून बसली, पत्रावळींवर गरम हुग्गी पडली, तुपाचा वास मांडवभर पसरला, तेवढ्यात दिग्दर्शक ओरडले, “कट! पानं उचला, पुन्हा मांडा!” मी रुबाबात पहिल्या पत्रावळीला हात घातला, तर समोरच्या म्हाताऱ्या आप्पांनी माझं मनगटच धरलं. “बसलेली पंगत उठवतेत व्हय रे? यंदा पहिल्यांदा गोड दिसलंय पानावर. तुमच्या घरी असंच करतेत का?” मागून दिग्दर्शक गरजले, “उचलतोस, का संध्याकाळच्या एसटीनं घरी जातोस?” मी चपला काढल्या, आप्पांच्या शेजारी मांडी ठोकली आणि वाढप्याला म्हणालो, “मला बी वाढा.” पंगत हसत हसत जेवायला लागली, आणि कॅमेरामननं कुणी न सांगता कॅमेरा चालू केला. संध्याकाळी मला एसटीत बसवलंच. सिनेमात मात्र तोच शॉट राहिला. आज माझ्या सेटवर नव्या पोरांना मी दोन्ही नियम दम देऊन शिकवतो. फक्त पंगतीचा सीन जेवणाच्या वेळेलाच लावतो, आणि शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत ‘कट’ म्हणत नाही.