दाजींच्या कानातली लाट

माझे दाजी नेंगाह रुंदी वाद्यांच्या काशाच्या पट्ट्या कानशीने घासून सुरात लावतात. आमच्या गावात दिवसभर घण चालू असतो, त्यामुळे इथले म्हातारे थोडेफार बहिरे होतातच. दाजी मात्र सगळ्यांच्या पुढे गेले. माझी बहीण रासमिन म्हणायची, "अहो, भात झालाय." दाजी म्हणायचे, "वात झालाय? तेल चोळ." ओरडून ओरडून रासमिनचा आवाज इतका तयार झाला, की तिने मला साधं मीठ मागितलं तरी पलीकडच्या अंगणातल्या कोंबड्या उडायच्या.

पण कानाचं यंत्र घ्यायचं ठरलं ते काही तिच्यासाठी नाही. देवळाच्या उत्सवाला नवी वाद्यं बनत होती. आमच्याकडे वाद्य एकटं नसतं, जोडीनं असतं. दोन्हींचे सूर मुद्दाम केसभर वेगळे ठेवायचे, म्हणजे एकदम वाजवली की आवाज थरथरतो. त्या थरथरीला आम्ही लाट म्हणतो. लाट नसलेलं वाद्य आमच्या लेखी मेलेलं. आणि दाजींना लाटच ऐकू येईनाशी झाली होती. या उत्सवाला जमलं नाही तर कानस कायमची खाली ठेवणार, असं तेच म्हणाले. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

आम्ही तिघं देनपसार शहरात यंत्राच्या दुकानाकडे निघालो. मी म्हटलं, "दाजी, आधी डॉक्टरकडून कान तपासून घ्या."

"मला ऐकू येत नाही हे सांगायला डॉक्टर कशाला गं? तुझी ताई फुकटात सांगते."

दुकानातल्या मुलीने कानामागे बसणारं यंत्र दाखवलं. दाजींना हवं होतं कानात लपणारं, शेंगदाण्याएवढं. केसांना तेल लावून नवरदेवासारखे आले होते ना! बोटं यांची केळ्यांसारखी, आणि त्यातली बॅटरी मसुराच्या दाण्याएवढी. पण ऐकतील तर शपथ. शेवटी मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला मुख्य काय ऐकायचंय?"

सूर लावणाऱ्याला सूर ऐकू येत नाही, हे परक्या पोरीला सांगायची लाज वाटली असणार. दाजी म्हणाले, "बायको काय बोलते ते."

मुलगी खूश. तिने ते शेंगदाण्याएवढं यंत्रच माणसांच्या बोलण्यासाठी जुळवून दिलं. रासमिन तर तिथेच डोळे पुसायला लागली. वेडी!

दुसऱ्या दिवशी दाजींनी एक पट्टी ठोकली आणि उडालेच. "अगं, लाट! एकट्या पट्टीत लाट!" जोडीची पट्टी तर अजून साच्यात होती. त्यांनी पुन्हा ठोकली, पुन्हा लाट. मग काय, धातूत देव उतरला! रासमिनने केळीच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि भात ठेवला, उदबत्ती लावली. देवळाचे पुजारी आले, पट्टीला कान लावून बसले.

"मला तर साधा सूर ऐकू येतोय," पुजारी म्हणाले.

"मग तुम्हीही यंत्र घ्या," दाजी म्हणाले.

नेमकं तेव्हाच माझ्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. दाजी गर्रकन वळले. "यातसुद्धा!"

रासमिनचे हात जोडलेलेच होते. "झाकणात देव? मग उद्यापासून मी स्वयंपाक कशात करू? काढा आधी ते कानातलं."

यंत्र काढून पट्टी ठोकली, लाट गेली. घालून ठोकली, लाट आली. पुजारीबुवा हसून हसून खाली बसले. देव धातूत नव्हता, शेंगदाण्यात होता.

या खेपेला दोन पट्ट्या पोत्यात घालून आम्ही दुकानात गेलो. मुलीने कपाळावर हात मारला. म्हणाली, ही यंत्रं कधीकधी आपोआप शिट्टी मारतात, आणि लांबलेला सूर ऐकला की या यंत्राला ती आपलीच शिट्टी वाटते. ते ती दाबायला जातं आणि सूर डळमळतो. "आजोबा, हे ऐकायचंय असं आधी का नाही सांगितलंत?" मग कान नीट तपासले. वाद्यांसाठी वेगळं बटण असलेलं, कानामागचं मोठं यंत्र दिलं आणि म्हणाली, "घरी नेऊन वापरून बघा, मगच ठरवा." एक गोष्ट मात्र तिने स्पष्ट सांगितली. अगदी बारीक, उंच सूर कानातूनच गेलेत. ते कुठलंही यंत्र परत आणणार नाही.

घरी आल्यावर मोठ्या, खालच्या सुरांच्या पट्ट्यांची लाट आली. खरी, जोडीची. दाजी पोरासारखे हसले. मग छोट्या, उंच सुरांच्या पट्ट्या घेतल्या. ठोकल्या, मान तिरकी केली, पुन्हा ठोकल्या. काहीच नाही. त्यांनी कानस मांडीवर ठेवली.

रासमिन कॉफी घेऊन आली. दाजींनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "तुला लाट ऐकू येते का गं?"

"या घरात आल्यापासून दुसरं काय ऐकतेय मी?"

"मग बस इथे. बरोबर लागली की सांग."

ती समोर बसली. दाजींनी कानस फिरवली, दोन्ही पट्ट्या एकदम ठोकल्या.

"अजून," ती म्हणाली.

पुन्हा कानस, पुन्हा ठोका.

"अजून थोडी... पुरे! हात आवरा!"

दाजींचा हात जागच्या जागी थांबला. तिच्या एका शब्दावर हा माणूस थांबलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी मुद्दाम थट्टा केली, "दाजी, यंत्र चालतंय म्हणायचं!"

"तू गप गं," दाजी म्हणाले. "ही काय म्हणते ते ऐकू दे."