वाचा गेली, म्हणी राहिल्या

माझे वडील बसवर ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बरीच वर्षं त्यांनी सोयगावची गाडी चालवली. कुणाला सल्ला द्यायचा तर ते म्हणीतच द्यायचे. मुख्याध्यापिकेशी भांडून मी शाळेची नोकरी सोडायला निघाले, तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." बहिणीनं पहिल्याच भेटीत मुलाला होकार दिला, तर म्हणाले, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, इथं तर नवरीच उतावळी." आम्हाला राग यायचा. आपली एवढी मोठी अडचण आणि हा माणूस चार शब्दांत बोळवण करतो.

गेल्या थंडीत त्यांना लकवा झाला. गारखेड्यातल्या घरी सकाळी दाढी करत होते. हातातला ब्रश गळून पडला, तोंड वाकडं झालं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून हातपाय बरेचसे सुटले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं. बोलायला जायचे आणि शब्दच सापडायचा नाही. 'पाणी' म्हणता येईना, आईला हाक मारता येईना. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

घरी आणल्यानंतरची गोष्ट. आई आत भाकरी थापत होती आणि आबा तांब्याकडं बघून ओठ हलवत होते. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं, पण बोलायचा प्रयत्न करू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी थांबले. "प... प..." करून चेहरा लाल झाला. आणि एकदम, पूर्वीच्याच खणखणीत आवाजात बाहेर पडलं, "तहान लागल्यावर विहीर खणू नये."

आई पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. आबा स्वतःच दचकले होते. मी पटकन पेला भरून दिला.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. तिला नवल वाटलं नाही. "वाक्य नव्यानं जुळवावं लागतं," ती म्हणाली, "म्हण आधीच जुळलेली असते. तुम्ही अर्धी म्हणा, उरलेली त्यांना म्हणू द्या."

ते काम आबांच्या मित्रानं घेतलं. हे काका त्याच सोयगावच्या गाडीवर कंडक्टर होते. राहायलाही जवळच, काकू गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी "जय भीम, गड्या," म्हणत यायचे आणि खुर्ची ओढून सुरू करायचे.

"अति तिथं?"

"माती."

"घरोघरी?"

"मातीच्या... चुली."

कधी भलतीच म्हण निघायची. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं, तर आबा म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा." डॉक्टर हसले, मग आबाही हसले. आजारपणानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

एका सकाळी काका आले. मी चहा ठेवला. कप बाजूला सरकवून म्हणाले, "पोरगं पुण्याला बोलावतंय, कायमचं. इथलं घर विकून टाका म्हणतंय. काय करू, गड्या?"

आबा सावरून बसले. "दुरून..." म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. ती नव्हे. पुन्हा जुळवाजुळव सुरू झाली. एरवी काका लगेच मदत करायचे, या वेळी वाट बघत राहिले.

"शितावरून... भाताची परीक्षा."

"कुणाची परीक्षा? पोराची?"

आबांनी नाही म्हणून जोरात मान हलवली. बोटानं दार दाखवलं, मग तेच बोट परत आपल्याकडं वळवलं.

मी म्हणाले, "काका, घर एवढ्यात विकू नका. आधी थोडे दिवस तिकडं राहून बघा, असं म्हणतायत बहुतेक."

"व्हय का रं?"

आबांनी मांडीवर थाप मारली. "व्हय!"

उन्हाळ्यात काका घराला कुलूप लावून गेले. त्यांना तिकडं करमायचं नाही, असं आईला वाटत होतं. मलाही. पण नातीला शाळेत सोडायचं-आणायचं काम त्यांच्याकडं आलं, संध्याकाळी गप्पा मारायला चार माणसं मिळाली, आणि ते रमले. पावसाळ्यात येऊन त्यांनी घर भाड्यानं दिलं, विकलं नाही. निघताना म्हणाले, "लई कामाचं बोललास, गड्या." आबांनी त्यांचा हात धरला तो रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर आबा म्हणी म्हणेनात. मी अर्धी म्हणायचे, ते नुसते माझ्याकडं बघायचे. आई म्हणाली, "राहू दे, नको छळूस." मग एका सकाळी आईच्या मोबाईलकडं हात करून ते म्हणाले, "फोन." मी व्हिडिओ कॉल लावून दिला. काका रस्त्यावरच होते, खांद्यावर नातीचं गुलाबी दप्तर. ते एकटेच बोलत राहिले, पुण्याच्या रहदारीला शिव्या देत. आबा हुंकार भरत होते.

आता रोजच्या वापरातले काही शब्द येतात. चहा. पंखा. आईचं नाव. माझं अजून येत नाही. मला ते "बाई" म्हणतात, माझ्या वर्गातल्या पोरांसारखं. मी ओ देते.