शुक्रवारचं पान, पापनाशमजवळ

अक्काचा फोन आला, "जीप हाकायला कोण्ही नाही. तूं ये." पुण्यात टुरिस्ट गाडी चालवून कंटाळलोच होतो, रजा टाकली नि निघालो. माझी ही मोठी बहीण तंजावूरला एका संशोधन कार्यक्रमात होती. पाणी, बियाणं, माती आणि माणसं, चारही विषयांची मंडळी एकत्र. ते काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला दिल्लीहून समिती येणार होती.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे बस. तंजावूर बसस्टँडसमोर इडली-कॉफी स्वस्तात पोटभर. पापनाशमचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे भात नि कालवे. संक्रांतीनंतर गेलात तर लोक डांबरावरच भात पसरतात. हॉर्न वाजवू नका, उपयोग नाही.

पोचलो तो शुक्रवार. त्या दिवशी सगळे शेतकऱ्यांसोबत कालव्याकाठी केळीच्या पानावर जेवायचे. रीत अशी, की स्वतःचं काम सांगायचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. पाणीवाले सर बियाण्याचं सांगताना अडखळले, तशी वाढणारी म्हातारी तमिळमध्ये म्हणाली, "आधी सांबार संपव, मग शहाणपण." अशाच गप्पांतून पाणी उशिरा पोचतं त्या शेतांना लवकर पिकणारं बियाणं द्यायचं ठरलं होतं. तिथे पीक उभं होतं, मी पाहिलं.

सोमवारी समितीने एकेकाला विचारलं, तुम्ही काय केलंत? सवयीने पाणीवाले बियाण्याचं बोलले, बियाणंवाल्या बाई कालव्याचं. माणसांचा अभ्यास करणारी अक्का तर मातीवरच घसरली.

परतताना जीपमध्ये अध्यक्ष, मूळ नाशिकचे, मराठीत म्हणाले, "माणसं चांगली आहेत. पण स्वतःच्या विषयात कुणी काही केलेलं दिसत नाही."

मी शुक्रवारचं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. "छान आहे," म्हणाले. "पण हे कोणाच्या विषयात धरायचं?"

पुढे भात पसरलेला होता, गाडी हळू घेतली.

पुण्यात परत आल्यावर गाडी तीच, रस्ते तेच. चार घास एकटा खाताना ती पंगत मात्र आठवते. परवा अक्काचा फोन आला, काम बंद झालं. तुझं कसं चाललंय, मी विचारलं. तर पाणीवाल्या सरांना कोइमतूरला नोकरी लागली, बियाणंवाल्या बाई माहेरी गेल्या, हेच सांगत बसली. फोन ठेवेपर्यंत स्वतःचं एक अक्षर नाही.