संध्याच्या पुस्तिकेतलं कापणाचं पान

संध्या उकेबद्दल सांगाचं म्हणजे मले पहिले रागच येते. एवढी हुशार पोट्टी, बालाघाटात बीसीए केलं, नागपूरले नोकरीवर गेलती, आणि दीड वर्षात बोऱ्याबिस्तर घेऊन परत. काहून आली म्हटलं त म्हणे, मावशी, तिकडं ऑफिसात दिवसभर कोणासंग मराठीत भांडाले भेटत नव्हतं. नागपूर महाराष्ट्रात, आमचं बालाघाट हिंदीवाल्या मध्य प्रदेशात, आणि हे असं उलटं. आता याले काय म्हणाचं?

माहं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, हुक, लेस, सगळं ठेवते. वरच्या खोलीत संध्याच्या आईचा शिलाई क्लास होता. आईचे डोळे थकले, मंग क्लास संध्यानं घेतला, आणि शिलाई मशीनच्या बाजूले लॅपटॉप मांडला. बायकांले वाटलं, आता पोट्टी सिनेमे दाखवते.

ते होतं कपड्याचं कटिंग आखाचं सॉफ्टवेअर. माप टाका, पडद्यावर ब्लाउजचा आकार तयार. फुकट. मले फुकटच्या वस्तूचा भरोसा नाही, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. त तिनं सांगितलं की हे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलं, कोणीबी वापराचं, कोणीबी सुधराचं, लपवाछपवी काही नाही. मी म्हटलं, देवळातल्या भंडाऱ्यासारखं आहे मंग, वाढणारेबी आपण आणि जेवणारेबी आपण. हौ म्हणे, तसंच.

पण त्याची नवशिक्यांसाठीची पुस्तिका म्हणजे नुसता ताप. लिहिणाऱ्यांले सगळं येत होतं, म्हणून त्यांले वाटे वाचणाऱ्यालेबी येते. हिंदीतलं एक पान तिनं वाचून दाखवलं. ते हिंदी ना टीव्हीवरचं, ना बाजारातलं. संध्या त्या लोकांवर चिडली आणि सरळ लिहून पाठवलं की पहिल्याच पानावर मी हरवली. तिकडून उत्तर आलं, मंग तुम्हीच लिहा ना. झालं. बसली पोट्टी मराठीत पुस्तिका लिहाले. शाळा सगळी हिंदीत झालेली, एकेक शब्दासाठी गोंदियाच्या आत्याले फोन करे.

तिच्या बापाले, म्हणजे महागूभाऊले, हे पटत नव्हतं. पगार नाही, हुद्दा नाही, नुसतं लिहिणं. त्यानं सांगून टाकलं की वर्ष संपाच्या आत तुह्या या कामाचं काही दिसलं त ठीक, नाही त नागपूरची नोकरी पाह्य. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला. आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती डिसेंबरातच निघणार होती. पुस्तिका त्यात बसली त संध्या बालाघाटात राहणार, नाही त परत बोऱ्याबिस्तर. मले ती जाऊ नये असं वाटे. वरच्या खोलीत तिचा आवाज असला की माह्या दुकानात जीव लागते.

त्या लोकांचा एक नियम मात्र भारी होता. पुस्तिका तेव्हाच घेणार, जेव्हा अगदी नव्या माणसांनी ती वाचून, कोणाले न विचारता, पहिल्यापासून शेवटपर्यंत काम करून दाखवलं. लिहिणारीनं तोंड उघडाचं नाही. संध्यासाठी हे म्हणजे उपास. ती माह्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालेबी न विचारता रंग सुचवते.

तिनं क्लासमधल्या तिघी निवडल्या. शीला, रीना आणि रुख्माबाई. रुख्माबाई सगळ्यात वयानं मोठी, तुमसरकडून लग्न होऊन आलेली, संध्या तिले मामी म्हणते. तिघींले पुस्तिका दिली आणि संध्या ओठ मिटून खिडकीत बसली. मधातच तिच्यानं राहवलं गेलं नाही. एवढं समजलं काय, तिनं विचारलं. तिघीबी म्हणाल्या, हौ. पुढचं समजलं? हौ. लॅपटॉपवर माप टाकून झालं, आणि तिघी छपाई, शिलाई कराले निघाल्या. आठवडाभरानं तिघी आपापलं ब्लाउज शिवून घेऊन आल्या. फिटिंग असं, की मी खालून पाहाले आली आणि बोटानं शिवण चाचपून पाह्यली. संध्याच्या चेहऱ्यावर पौर्णिमा होती.

आता ब्लाउज आणि कापण, दोन्हीचा फोटो पाठवाचा होता. कापण म्हणजे आकार छापलेला कागद, तो कापडावर ठेवून कापाचं असते. संध्यानं कापण मागितलं. तिघी एकमेकींकडे पाहाले लागल्या. शीलाले एकदम घरी दूध उतू जाते का काय ते आठवलं. शेवटी रीनानं पर्समधून एक कागद काढला. वहीच्या पानाएवढा. त्यावर अख्खं ब्लाउज छापलेलं, पाठ, बाही, पट्टी सगळं. बाहुलीलेबी आखूड झालं असतं.

झालं असं होतं की पुस्तिकेत संध्यानं फक्त 'छापून घ्या' एवढंच लिहिलं होतं. छपाईवाल्याच्या मशीननं सगळा आकार आवळून एका पानात बसवला. खऱ्या मापात बरेच कागद छापाचे आणि चिकटवाचे, हे लिहाचं राहून गेलं. या तिघींनी काय करावं? कागद गुपचूप घडी करून ठेवला, मापाचं जुनं ब्लाउज काढलं, रद्दी पेपरवर खडूनं आखलं आणि नेहमीसारखं शिवलं. आणि विचारलं त, हौ.

आपल्याकडे हे असंच आहे. शिकवणारा माणूस समोर बसला की त्याले नाही म्हणाचं नाही. डॉक्टर असो, जावई असो, शाळेतला मास्तर असो. समजलं नाही म्हणणं म्हणजे त्याच्या शिकवण्याले खोट लावणं. रुख्माबाई म्हणाली, "तू एवढा जीव लावून लिहिलं, बाई. तोंडावर नाही कसं म्हणाचं?"

संध्या आधी हसली, खूप हसली, आणि मंग पुस्तिकेतलं ते पान काढून पाहाले लागली. मी म्हटलं, ब्लाउज झाले ना, पाठव फोटो, कोण येते तिकडून पाहाले. मले खरंच तसं वाटलं होतं. पण ती माह्यावरच उखडली.

"मावशी, ब्लाउज यांले आधीच येत होतं. माह्या पुस्तिकेनं काय शिकवलं?"

आणि तिनं त्याच संध्याकाळी कळवून टाकलं की परीक्षा फसली, चूक माही आहे. मी दुकानाचं शटर जरा जोरातच ओढलं. डिसेंबर अर्धा गेलता. महागूभाऊनं नागपूरच्या गाड्यांची चौकशीबी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्यानं तिघींले परत बोलावलं. चटई टाकली, चहा, पोहे मांडले आणि म्हणाली की आज शिकवणं नाही, आज लग्न आहे. तुम्ही नवरदेवाकडच्या, मी नवरीकडची, आणि ही पुस्तिका म्हणजे आमची पंगत. ठेवा नावं.

अरे बाप रे. असा काही बांध फुटला की विचारू नका. शीला म्हणे, हे पहिलं वाक्य एवढं लांब काहून, वाचता वाचता माणूस म्हातारं होते. रीना म्हणे, इथं बटण दाबा म्हणता, बटण कोणत्या कोपऱ्यात ते तुमच्याकडे सांगाची पद्धत नाही काय? आणि रुख्माबाई त जन्माची विहीण. मांडी ठोकून बसली, पदर खांद्यावर घेतला, आणि छपाईच्या पानावर बोट ठेवून म्हणाली की कागदाचं माप सांगितलं नाही, चिकटवाचं सांगितलं नाही, पाहुण्यांले अर्ध्या वाटेत सोडलं, अशी सोयरीक आम्हाले नको. मी पायऱ्यांवर उभी राहून पोट धरून हसली. संध्या लिहून लिहून थकली, पण एकदाबी म्हणाली नाही की असं नाही, तसं आहे. नवरीकडच्यांनी उलटं बोलाचं नसते.

छपाईचं पान तिनं नव्यानं लिहिलं. पहिले एक चौकोन छापा, फुटपट्टीनं मोजा, माप बरोबर आलं तरच पुढचे कागद काढा, मंग खुणा जुळवून चिकटवा. यावेळी तिघी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेल्या. संध्या खरंच चूप होती, त्यासाठी तिनं तोंडात सुपारी धरली होती. जुन्या ब्लाउजले कोणी हात लावला नाही. चिकटवलेलं कापण चटईभर पसरलं, त्यावरून ब्लाउज शिवले आणि दोन्हीचे फोटो पाठवले.

तिकडून दोन दिवसांनी उत्तर आलं. पुस्तिका घेतली. वर लिहिलं होतं की छपाईच्या या पानावर सगळ्या देशांतले नवे लोक अडत होते, पण कोणी सांगतच नव्हतं, म्हणून हे पान आता सगळ्या भाषांत जाईल. महागूभाऊ स्वतः जिना चढून वर आला, चष्मा लावून पडदा पाह्यला, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उतरला. नागपूरचं नाव काढलं नाही. मले रडू आलं, ते मी गिऱ्हाइकावर खेकसून दाबलं.

काम करणाऱ्यांच्या नावांत संध्याच्या खाली आणखी तीन नावं होती. शीला, रीना फोटो काढाले धावल्या. रुख्माबाईनं आपलं नाव दोनदा वाचाले लावलं आणि घाबरली. कोणी विचारलं त काय सांगाचं, म्हणे, मी त काहीच केलं नाही, फक्त समजत नाही म्हटलं.

संध्या म्हणाली, "तेच कोणी म्हणत नव्हतं, मामी."

रुख्माबाईनं पदर खांद्यावर घेतला. मंग चटई पुढं ओढली.

"बाहीचं पान काढ बरं," ती म्हणाली. "त्यातबी मले दोन जागी समजत नाही."