काचेच्या खोलीतली खुर्ची

नवलाख उंबरे या गावच्या श्रीपतीला फ्रेंच येते, हे गावात कुणाला फारसे खरे वाटत नसे. दहावीला इंग्रजीत गचकलेला माणूस. पण कंपनीत सगळ्यांना ठाऊक होते. बावीस वर्षांपूर्वी, गाड्यांच्या दारांना लागणारे रबर बनवणारी ही फ्रेंच कंपनी गावाच्या शिवेवर उभी राहिली, तेव्हा मशिनी बसवायला रेमों नावाचा फिटर आला आणि सव्वा वर्ष राहिला. श्रीपती, आता लाइनचा सुपरवायझर, तेव्हा त्याचा हेल्पर होता. इंग्रजी दोघांनाही येत नव्हते. मग एकाने दुसऱ्याची भाषा उचलायची एवढाच मार्ग उरला, आणि साहेब रेमों असल्याने उचलायचे काम श्रीपतीकडे आले.

तेव्हापासून फ्रान्सहून कुणी आले की काचेच्या मीटिंगरूममधून त्याला बोलावणे येई. हात पुसून, कॉलर सरळ करून तो आत जाई आणि मॅनेजरच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसे. बाहेरून जाणारे-येणारे बघत. ते बघतात हे श्रीपतीला पाठ करून बसला तरी समजे.

मग कंपनीने ‘जोडी’ नावाचा कार्यक्रम काढला. हेड ऑफिसचे मेल, फोन सगळे फ्रेंचमध्ये, आणि इथले इंजिनियर इंग्रजीवाले. तेव्हा ज्याला फ्रेंच येते त्याने एका इंग्रजीवाल्याला सहा महिने, दर मंगळवारी अर्धा तास, कामापुरते शिकवायचे. शेवटी फॉर्मवर सही करायची, की हा माणूस आता एकट्याने मीटिंग सांभाळेल. श्रीपतीच्या वाट्याला सारिका आली. लोणावळ्याची, सव्वीस वर्षांची, इंग्रजी फाडफाड.

“म्हंजी भाऊ, आपल्याच हातानं आपली खुर्ची द्यायची म्हणा की,” शेजारच्या लाइनवरचा कोंडाजी कँटीनमध्ये म्हणाला. श्रीपती हसला आणि ताट अर्धेच ठेवून उठला.

सारिका मठ्ठ असती तर त्याने जीव ओतून शिकवले असते. ती हुशार निघाली. जे शब्द गोळा करायला त्याला सव्वा वर्ष लागले, ते ती मंगळवारी वहीत लिहून घेई आणि पुढच्या मंगळवारी न बघता म्हणून दाखवी. एकदा त्याने एक वाक्य सांगितले, तर तिने अगदी अदबीने विचारले, “भाऊ, हे असं नाही का होणार?” तसेच होत होते. बावीस वर्षे तो चुकीचे बोलत होता आणि कुणी त्याला सांगितले नव्हते. घरी जेवताना त्याने बायकोला, मुक्ताबाईला सांगितले, की पोरगी आगाऊ आहे.

“इचारलंच ना तिनं निस्तं?”

“तुला न्हाई कळायचं त्यातलं.”

एक गोष्ट मात्र त्याने मुठीत ठेवली. रेमोंने पहिल्याच आठवड्यात शिकवलेली. मशीन बंद पडो नाहीतर छप्पर कोसळो, समोरच्या प्रत्येकाला आधी हातात हात द्यायचा, बोंजूर, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणायचे आणि मगच कामाचे बोलायचे. इथले इंजिनियर घाईघाईने आत शिरून थेट बिघाडच सांगू लागत. पाहुण्यांचे चेहरे आंबत, आणि का आंबले ते इंजिनियरांना उमजत नसे. श्रीपतीला उमजे. ऑक्टोबरात हेड ऑफिसचे लुसियाँसाहेब यायचे होते. त्यांच्यासमोर सारिका पहिल्याच मिनिटाला चुकेल, आणि मग फॉर्मवर ‘अजून सहा महिने लागतील’ असे लिहायचे. त्यात खोटे काही लिहावे लागणार नव्हते, म्हणून त्याच्या मनाला फारसे टोचलेही नाही.

लुसियाँसाहेब आले त्याच दिवशी सकाळपासून तीन नंबरची लाइन बंद होती. मॅनेजरने डावी खुर्ची सारिकाला दिली. श्रीपतीसाठी मागे भिंतीला टेकून एक प्लास्टिकची खुर्ची टाकली. “लागलं तर जवळ असा,” मॅनेजर म्हणाला.

सारिका लॅपटॉप घेऊन धावतच आली. श्रीपती सरसावून बसला. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि टेबलाला वळसा घातला. लुसियाँसाहेबांना हात दिला, बरोबरच्या दोघांना दिला, कोपऱ्यात बसून वायर जोडणाऱ्या माणसालाही दिला. प्रत्येकाला वेगळे बोंजूर. मग येऊन बसली आणि लाइनचे बोलू लागली. साहेबांचा चेहरा खुलला. पुढे पाऊण तासात ती दोनदा अडली आणि मागे वळली. पहिल्यांदा श्रीपतीने शब्द आठवत नसल्यासारखे केले. दुसऱ्यांदा दिला.

मीटिंग सुटल्यावर त्याने तिला जिन्यात गाठले. हात द्यायचे कुणी सांगितले, असे विचारताना त्याचा आवाज त्यालाच बरा वाटला नाही.

“तुम्हीच की, भाऊ. रोज सकाळी सातला लाइनवरच्या एकेकाला हात देत जाता, पार पॅकिंगच्या सुषमामावशींपर्यंत. दुसरा कुठलाच सुपरवायझर देत नाही. म्हटलं, हे तिकडचंच असणार.” ती थोडी थांबली. “मला मात्र सहा महिन्यांत एकदाही दिला नाहीत.”

रेमों गेल्यापासून श्रीपतीची एक सकाळ चुकली नव्हती. अंगात इतके मुरले होते, की लपवायची गोष्ट आपण रोज सगळ्यांदेखत करतो हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. आणि तिच्या टेबलाजवळून जाताना हात खिशात जातो, हे तर मुळीच नाही.

संध्याकाळी त्याने फॉर्मवर सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘तयार आहे.’ दुसरे काही लिहायला जागाच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सातला तो लाइनवर गेला, सगळ्यांना हात दिला, सुषमालाही दिला. मग जिना चढून सारिकाच्या टेबलापाशी उभा राहिला आणि हात पुढे केला. ती उठून उभी राहिली.

“बोंजूर, भाऊ.”

“बोंजूर,” तो म्हणाला. तिच्या मागे काचेची खोली होती. तिथली डावी खुर्ची जराशी बाहेर ओढलेली, तिने काल सोडली होती तशीच. सारिकाकडे बघायचे सोडून श्रीपती त्या खुर्चीकडेच बघत राहिला.