डोंगराला पाणी

११ डिसेंबर १९९५, सोमवार. पहाटे मी मैद्याची खळ शिजवत होते. शेवटी चिमूटभर मोरचूद टाकलं, म्हणजे चिकटवलेल्या वस्तूंना झुरळं आणि उंदीर तोंड लावत नाहीत. खळ डब्यात भरली, डबा पिशवीत टाकला आणि बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरकडे जाणारी पहिली एसटी पकडली. त्या रस्त्यावरच्या एका गावातल्या हायस्कुलात मी गणित शिकवत असे.

पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करायचा नाद मला नोकरीच्या आधीपासूनचा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, ब्लेड, पट्टी आणि खळ एवढ्या सामानावर मी एसटी, देऊळ, पाण्याची टाकी असं काहीही करत असे. नियम एकच. फुटाला एक सूत. खरी वस्तू जितके फूट, तितके सूत माझी, आणि आठ सुतांचा एक इंच. माप चुकलं की ती प्रतिकृती राहत नाही, खेळणं होतं. हे मी सातवीच्या मुलांना दर शनिवारी शाळा सुटल्यावर शिकवत होते. ती शिकतही होती. निदान माझा तसा समज होता.

त्यासाठी हेडमास्तरांनी शाळेमागची एक खोली दिली होती, पण अट घालून. "बाई, मुलांना वाटायचा तांदूळ येतोय. पोती ठेवायला मला जागा नाही. शुक्रवारी इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात तुमच्या मुलांचं काही मांडलं गेलं तर खोली तुमची. नाहीतर पोत्यांची." खोली गेली तर वर्ग बंद, यात मला शंका नव्हती. अर्धवट झालेली वस्तू वर्गातल्या बाकावर ठेवून चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं.

प्रदर्शनासाठी आम्ही कालवा केला होता. कालव्यावर पूल, पुलावर एसटी आणि पलीकडे कागदाच्या लगद्याचा मोठा डोंगर. डोंगराला मी स्वतः तपकिरी रंग दिला. गुरुवारी तो वाळला. मग मी माहेरच्या लग्नाला लातूरकडे गेले. जाताना खोलीची एक किल्ली मुलांकडे दिली. पुलाचे कठडे तेवढे चिकटवायचे राहिले होते.

सोमवारी खोली उघडली तर ओल्या मातीचा वास आला. डोंगर काळा पडला होता. हात लावला तर त्यावर चिखल. खालचा पुठ्ठा फुगून एका बाजूला खचला होता, पूल तिरका झाला होता आणि एसटी घसरून कालव्यात तोंड घालून बसली होती. चिखलावर बारीक, बुळबुळीत दाणे होते आणि काहींना पांढऱ्या शेपट्या. अळ्या असाव्यात असं वाटून मी हात मागे घेतला.

शिपायांना हाक मारली. त्यांना सगळी शाळा तात्या म्हणायची.

"तात्या, छत गळतंय का?"

"गळाया पाऊस कुठं हाय, बाई?" त्यांनी वर बघितलं, मग डोंगराकडे. "ह्ये तर झ्याक झालंय की."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. कोणी खोडी केली म्हणावं, तर कुलूप शाबूत होतं. बरं, खोडी करणारा कठडे कशाला चिकटवील? कठडे चोख बसले होते, अगदी मापात. त्याच हातांनी एक काम इतकं नीट आणि दुसरं इतकं वाह्यात केलं असेल, हे माझ्या गणितात बसेना.

मधल्या सुट्टीत मुलांना बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला की खरं बाहेर येत नाही.

"यावर पाणी कोणी टाकलं?"

सगळे हात वर. हसत.

"समद्यांनी, बाई. पाळी लावली हुती," एक मुलगा म्हणाला. "आयतवारी ह्येची पाळी, पर ह्यो म्हसरं घिऊन गेला, म्हून मी घातलं."

"खोटं बोलतोय, बाई. म्या आलतो. ह्येनंच आदी ओतलं. तांब्याच उपडा केला. म्हून तर पूल बसला."

"पण पाणी घातलंच का?"

या प्रश्नावर सगळ्यांचं हसू थांबलं. एकमेकांकडे बघू लागले. चोरी पकडल्यावर बघतात तसं ते नव्हतं. बाईंना काय झालंय, असं ते बघणं होतं. शेवटी एक लांब वेणीची मुलगी हळूच म्हणाली, "म्हंजी... घालायचं न्हाय व्हय?"

"कागदाच्या डोंगराला?"

"पर बाई, पाणी घातलं न्हाय तर हळीव उगवंल कसं?"

मी पुन्हा त्या बुळबुळीत दाण्यांकडे बघितलं. मग तिनेच समजावलं, लहान पोराला सांगावं तसं. दिवाळीत किल्ला करतात. डोंगर झाला की त्यावर माती पसरायची, हळीव पेरायचा, पाणी मारत राहायचं. चार दिवसांत हिरवागार. बोडका डोंगर कोण ठेवतं? हळीव तिने घरून आणला होता, बहिणीच्या बाळंतपणातल्या लाडवांचा उरलेला.

"मला विचारलं का नाही?"

"त्यात इचारायचं काय?"

आमच्या लातूरकडच्या गावात किल्ले करत नसत. बारामतीत दिवाळीला दारोदार किल्ले दिसायचे, पण त्यावरचं हिरवं पोरं कुठून तरी उपटून आणून खोचतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. म्हणजे मुलांनी चूक केली होती की मी? रागवायचं तर नेमकं कशावर, ते मला ठरवता येईना. डोंगर नव्याने करावा, तर लगदा वाळायला चार दिवस लागतात. शुक्रवार त्याआधी येणार होता.

"खाली इटा लावू," एक जण म्हणाला. "किल्ल्याला लावत्यात तशा. मग पूल सरळ हुतोय."

विटा लावल्या. पूल खरंच सरळ झाला.

शाळा सुटताना हेडमास्तर डोकावले.

"बाई, हे विज्ञान आहे की शेती?"

"मलाही नक्की सांगता येणार नाही, सर."

"प्रदर्शनात हे न्यायचं? चिखल?"

दारातून तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. ऊस आला तर कारखान्याला घालू."

मुलं खो खो हसली. हेडमास्तर हसले नाहीत. "पोती उद्या दुपारी येणार आहेत. त्याआधी काय ते सांगा."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस. तात्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. उभा ऊस बारा फूट धरला तर बारा सूत, म्हणजे दीड इंच. हळीव दीड इंच वाढतो का? वाढत असेल तर किती दिवसांत? मला काहीच माहीत नव्हतं. घरी गेल्यावर शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "वाढतो की, आठवडाभरात." आणि मला हे ठाऊक नाही म्हणून हसली. पण ते रोप उसासारखं दिसेल का, आणि परीक्षकांना पटेल का, हे ती तरी कशी सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ शिजवली नाही. पहिल्या एसटीने गेले आणि खोली उघडली. पांढऱ्या शेपट्या मातीत शिरल्या होत्या आणि वर हिरवी पानं आली होती. पट्टी लावली. अर्धा इंच. माझ्या मापाने चार फूट, म्हणजे लहान ऊस. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर "एक फूट = एक सूत" असं लिहून ती कालव्याच्या काठाला टोचली. मग हेडमास्तरांकडे जाऊन सांगितलं, हेच नेणार, पोती व्हरांड्यात उतरवा. त्यांचं उत्तर यायच्या आत परत आले, तांब्यात थोडं पाणी घेतलं, ओतलं नाही, हाताने शिंपडलं. कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.